भोंग्याने खाल्लेली हवा

तीर्थरूप अक्काच्या सेवेशी,

हातावरचं ग्रीस आणि त्याच्या खालचा हिरवा रंग घासून घासून जेवढा निघाला तेवढा काढून धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (रंगाची हकीकत पुढे येणार आहे, धीर धर.) आम्ही इकडे खुशाल आहोत आणि तुम्हीही तिकडे खुशाल असाल असं धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार हे मला इथे बसून दिसतं. गुडघा म्हणजे बेअरिंगच, अक्का. वापरलं नाही तर गंज धरतं, आणि वंगणाशिवाय वापरलं तर झिजतं. दाजींचं कानाचं यंत्र नीट बसलं का? ते घरात यंत्र काढून ठेवतात आणि बाहेर जातानाच लावतात असं तू लिहिलं होतंस. यात यंत्राचा काही दोष नाही. (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस. दाखवायचंच असेल तर यंत्र काढलेलं असताना दाखव.)

या पत्रात एक विनंती आहे आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण आधी हकीकत कळली नाही तर तू ऐकून घ्यायच्या आतच नाही म्हणशील. विनंती छकुलीबद्दल आहे. (हे नाव आता तिला चालत नाही. जहाजावर तिसऱ्या नंबरच्या इंजिनिअरला नुसतं 'थर्ड' म्हणतात, आणि गेल्या वर्षापासून आपली छकुली थर्ड आहे. मी एकदा फोनवर 'थर्डसाहेब' म्हटलं तर म्हणाली, "बाबा, पुरे." पण आवाजावरून तिला आवडलं होतं.)

तर आधी माझ्या नोकरीबद्दल. तू दाजींच्या मित्रमंडळींत 'माझा भाऊ मोठ्या जहाजावर असतो' असं सांगतेस, हे माझ्या कानावर आलं आहे. मी जहाजावर नसतो, टगवर असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. जहाज समुद्रात मोठा रुबाब करतं, पण धक्क्याला लागायची वेळ आली की नवशिका माणूस बोळात गाडी लावताना करतो तसं त्याचं होतं. वेळेवर वळत नाही, सांगितल्यावर थांबत नाही. मग आमची बुटकी, काळी, अंगभर जुने टायर लटकवलेली बोट जाते, त्याला दोर बांधते आणि कान धरून जागेवर आणून बसवते. लोक फोटो काढतात ते जहाजाचे. आमच्या बोटीचा फोटो निघालाच तर जहाजाच्या फोटोच्या कोपऱ्यात निघतो, आणि पुष्कळदा तोही कापून टाकतात.

पण अक्का, मी तुला लिहून देतो, जग चालतं ते कामाच्या बोटींवर. बर्फाच्या समुद्रात जाळी ओढणारी बोट, नदीच्या मुखातला गाळ उपसणारी बोट, तलावापलीकडच्या गावात गाई आणि शाळामास्तर एकाच फेरीत पोचवणारी बोट, वाळूची, कोळशाची, कचऱ्याची बोट. यांतली एकही दिसायला धड नसते आणि यांतल्या प्रत्येकीच्या पोटात एक डिझेल इंजिन इमानेइतबारे धडधडत असतं. आमच्या इंजिनाच्या जातीची आता जगात मोजकीच उरली आहेत, आणि ती चालवणाऱ्या आम्हा लोकांचा फोनवर एक गट आहे. कुणाचीच भाषा कुणाला येत नाही. एकजण पिस्टनचा फोटो पाठवतो, दुसरा अंगठा पाठवतो, तिसरा आपल्या इंजिनाचा आवाज टेप करून पाठवतो. तो तलावावरचा बोटवाला तर रोज सकाळी आवाज पाठवतो, कारण त्याला वाटतं त्याचं इंजिन सर्वांत गोड चालतं. (तसं नाही. त्याचा एक व्हॉल्व्ह टिकटिक करतो. मी त्याला कळवायचा पुष्कळ प्रयत्न केला, चमच्याने ताट वाजवून टेप पाठवली, तर त्याने उलट हृदयाचं चित्र पाठवलं.)

आमच्या इंजिनाला मी 'थोरली' म्हणतो. नाव तुझ्यावरून ठेवलेलं नाही. तशी दोघींची बरीच लक्षणं जुळतात, पण ते नंतर लक्षात आलं. थोरली माझ्यापेक्षा उंच आहे, तिला घाई चालत नाही, आणि तिचं ऐकलं तर ती आयुष्यात कधी दगा देत नाही. दुःखाची गोष्ट एवढीच की या वर्षअखेरीस मी निवृत्त होतोय आणि ऑफिसने ठरवलं आहे की माझ्याबरोबर तिलाही काढायचं. चालवायला माणूस मिळत नाही, हे त्यांचं कारण. रीतसर परवाना असलेलं कुणी माझ्या जागेवर यायला तयार असेल तर थोरली राहील, नाहीतर तिला तोडून भंगारात घालतील आणि तिच्या जागी नवीन बसवतील. जाहिरात लावली. एक गृहस्थ आले, खाली उतरले, थोरलीकडे बघून मला विचारलं, "स्क्रीन कुठे आहे?" मी म्हटलं, "आरसा आहे, चालेल का?" ते पुन्हा आले नाहीत. ऑफिसमधले म्हणतात मी उमेदवारांशी नीट बोलत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना बोलायला काय जातं.

आता हवेचं समजून घे, कारण पुढची सगळी फजिती तिच्यामुळे झाली. नव्या इंजिनांत गिअर असतो, दांडा ओढला की बोट मागे. थोरलीचं तसं नाही. बोट मागे न्यायची असेल तर तिला आधी पूर्ण थांबवायचं, खटका फिरवायचा आणि उलट्या दिशेने नव्याने सुरू करायचं. वरून कप्तान घंटा देतो, खाली मी हे सगळं करतो, आणि चांगल्या ड्रायव्हरला त्याला एका श्वासाइतका वेळ लागतो. पण दर वेळी सुरू करायला लागते दाबून भरलेली हवा. ती टाकीत साठवलेली असते. लहानपणी नळाला पाणी एकदाच यायचं तेव्हा तू पिंपावर झाकण ठेवून पहारा करायचीस आणि मी तोंड धुवायला दोन तांबे घेतले की ओरडायचीस, ते आठवतं ना? मी त्या हवेवर तसाच बसलेला असतो. आणि आमच्या बोटीचा भोंगा, अक्का, त्याच टाकीतली हवा पितो.

हे ज्याने बनवलं त्याला आमच्या कप्तानाचा स्वभाव माहीत नव्हता. आमचा कप्तान माणूस सोन्यासारखा, पण भोंगा म्हणजे त्याचा जीव की प्राण. होडी दिसली वाजव, ओळखीचा मासेवाला दिसला वाजव, धक्क्यावर स्वतःची बायको दिसली तर दोनदा वाजव. म्हणून भोंग्याकडे जाणाऱ्या नळीचा कॉक मी खाली जेमतेम उघडा ठेवतो. त्यामुळे आमचा भोंगा सर्दी झाल्यासारखा वाजतो आणि कप्तान समजतो की तो जुना झालाय. (त्याला अजून माहीत नाही. हे पत्र तू कुणाला दाखवणार नाहीस याची खात्री आहे म्हणून लिहितो.)

असं सगळं सुखाने चाललेलं असताना छकुलीचा निरोप आला की तिचं जहाज आमच्या बंदराला लागतंय. अक्का, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिला तू शाळेसाठी तुझ्या घरी ठेवून घेतलंस, जिच्या जहाजाच्या कॉलेजसाठी तू हिच्याशी, म्हणजे तिच्या आईशी, तीन दिवस भांडलीस (माझी बाजू तूच मांडलीस, मी भाजी आणायला गेलो होतो), ती आपली पोर ज्या जहाजाचं इंजिन सांभाळते ते जहाज धक्क्याला लावायला बापाची टग जाणार. मी ही बातमी आधी कप्तानाला सांगितली. मग मासेवाल्यांना, वाळूच्या बोटीला, फेरीबोटीच्या तिकीटवाल्याला आणि आग विझवणाऱ्या बोटीवरच्या मंडळींना. मी मुद्दाम सांगत फिरलो असं ही म्हणते. मी मुद्दाम नाही सांगितलं. लोक भेटत गेले.

आणि मग मी रंग काढला. मुलगी खाली येऊन इंजिन बघणार, तर थोरली कशी दिसायला हवी? पितळेचे नळ घासले, रेलिंग पुसलं, लाद्या कापडाने चमकवल्या. थोरली हिरवीगार झाली तेव्हा डब्यात थोडा रंग उरला होता, आणि कोपऱ्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर अगदी पोरक्यासारखा दिसत होता. टाकीत हवा भरतो तोच हा, हाताने फिरवून सुरू करायचं छोटंसं डिझेल इंजिन असलेला. त्यालाही पायापासून धुराड्यापर्यंत हिरवा करून टाकला. सकाळी बघतो तर थोरली वाळली होती आणि तो ओला. एवढ्यात तो चालवला तर रंग जाईल, म्हणून त्याच्यावर 'हात लावू नये' अशी पाटी अडकवली. हवेची टाकी आदल्या दिवशीच काठोकाठ भरून ठेवली होती. म्हटलं, एक जहाज लावायला एवढी हवा डोक्यावरून पाणी. इतकंच नाही, मुलीसमोर भोंगा सर्दी झाल्यासारखा कसा वाजून चालेल, असा विचार करून मी स्वतःच्या हाताने कॉक पूर्ण उघडला. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती अशी हिरव्या रंगाच्या डब्यातून येते.

जहाज आलं. केवढं म्हणून सांगू! खालच्या गोल खिडकीतून मला त्याचं नुसतं अंग दिसत होतं, भिंत चालत यावी तसं. आमचा दोर पुढे बांधला, मागे दुसरी नवीन टग होती. बंदराचा पायलट जहाजावर उभा राहून सगळ्यांना हुकूम देत होता. आणि आमच्या कप्तानाने सलामी म्हणून भोंगा ओढला. अक्का, तो आवाज! वर्षानुवर्षं घशात अडकलेलं सगळं त्या भोंग्याने एकदम बाहेर काढलं. कप्तान वरून बोलायच्या नळीतून ओरडला, "अरे, हा बरा झाला रे!" जहाजाने उत्तर दिलं. मग मासेवाल्यांनी वाजवला, कारण त्यांना मी सांगून ठेवलं होतं. त्यांना उत्तर द्यायला हवं. मग वाळूच्या बोटीने, मग फेरीबोटीने. आलेल्या भोंग्याला उत्तर न देणं म्हणजे नमस्काराला पाठ फिरवणं, असं आमच्या कप्तानाचं मत आहे, आणि त्या दिवशी खाली उभ्या असलेल्या माझं मत त्याहून वेगळं नव्हतं. मी हवेच्या काट्याकडे बघतच नव्हतो. मी खिडकीला नाक लावून वर कठड्यावर छकुली दिसते का ते शोधत होतो. दिसली. नारिंगी कपडे, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही हात वर. मी हात हलवला. खालच्या बिळातून तिला तो दिसणं शक्य नव्हतं, तरी हलवला.

एवढ्यात घंटा झाली. थांब. थांबवलं. घंटा झाली. मागे. खटका फिरवला, दांडा ओढला, आणि थोरली म्हणाली, फुस्स. पुन्हा ओढला. नुसतं सुस्कारा टाकल्यासारखं. काट्याकडे बघितलं तर काटा तळाला टेकून निवांत बसलेला. अक्का, माझ्या पायाखालची लादी सरकली. एवढ्या वर्षांत माझी हवा कधी संपली नव्हती. आणि संपली कधी, तर मुलीचं जहाज दोराला बांधलेलं असताना. वर कप्तान अजून कुणाच्या तरी भोंग्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करत होता, आणि वरून फक्त बेडूक चिरडल्यासारखा आवाज येत होता.

म्हणजे जहाजाला ओढायला गेलेली टग आता जहाजालाच लटकून राहिली, पर्सला किल्ल्यांचा जुडगा लटकतो तशी. पायलट वायरलेसवर जे बोलला ते मी तुला लिहीत नाही. समुद्र शांत होता आणि मागच्या टगने जहाज सावरून धरलं म्हणून निभावलं. आमच्यासाठी ते एवढं मोठं जहाज खोळंबून उभं राहिलं. आता एकच मार्ग होता. पाटी काढायची, ओल्या रंगाला हात घालायचा आणि कॉम्प्रेसर फिरवायचा. फिरवला. हँडलही मी रंगवलं होतं, त्यामुळे ते हातातून माशासारखं निसटत होतं. दोनदा निसटून स्वतःच्याच कानशिलात लगावली. शेवटी तो सुरू झाला, टाकीत हवा भरू लागली, मी देवाचं नाव घेतलं, आणि त्याचं धुराडं तापलं. तापलेल्या धुराड्यावर ओला रंग, अक्का. असा धूर झाला की मला माझे हात दिसेनात. सगळा धूर वरच्या झडपांतून बाहेर गेला आणि बंदरभर बोंब उठली की टग पेटली.

आगीची बोट आली. त्यांना आमंत्रण मीच दिलेलं होतं म्हणा, पण ते बघायला यायचं होतं, पाणी मारायला नाही. मी जिन्यावरून डोकं बाहेर काढून ओरडलो की आग नाही, रंग आहे. पण हिरव्या तोंडाचा माणूस धुरातून येऊन काहीतरी ओरडतोय, यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पाणी सोडलं. पहिला फवारा कप्तानावर, दुसरा माझ्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, इथे तर मी हात, तोंड आणि कान सगळंच दाखवून बसलो होतो. वर बघितलं तर कठडाभर माणसं उभी आणि त्यांत आपली छकुली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. ती रडत्येय की हसत्येय ते खालून कळेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर कळलं ते सांगतो. जहाजावर सगळे आग आग करत असताना तिने एकटीने ओळखलं होतं. थेट आपल्या कप्तानाकडे गेली आणि म्हणाली, "आग नाही. हवा संपली आहे. त्यांना थोडा वेळ द्या, भरली की ते सुरू करतील." कप्तानाने विचारलं, तुला कसं ठाऊक. म्हणाली, "तिथे माझे बाबा आहेत." अक्का, हे मला तिने सांगितलं नाही, तिच्या चीफ इंजिनिअरने सांगितलं.

आणि केलंच सुरू. काटा वर चढला, घंटा झाली, दांडा ओढला आणि थोरलीने असा आवाज काढला की आगीच्या बोटीवाल्यांनी नळ्या खाली ठेवल्या. एका दमात जहाज धक्क्याला लावलं. नव्या टगवाल्यांना विचार हवं तर. दोर सोडताना पायलटने वायरलेसवर इतकंच म्हटलं, "बरं लावलं." तो माणूस जन्मात कुणाला बरं म्हणत नाही.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला सगळ्या तमाशाचा व्हिडिओ आमच्या जगभरच्या गटावर पोचला. मी फोन बंदच करणार होतो. पण पहिलं उत्तर आलं ते बर्फाच्या समुद्रावरच्या माणसाचं. त्याने स्वतःच्या टाकीच्या काट्याचा फोटो पाठवला, काटा तळाला. मग गाळवाल्याचा तसाच जुना फोटो. मग तलाववाल्याचा. म्हणजे प्रत्येकाची कधी ना कधी संपली आहे, अक्का, आणि प्रत्येकाने फोटो काढून जपून ठेवला आहे. मग सगळ्यांनी आपापले भोंगे पाठवले. हिला ते ऐकवले तर ही म्हणाली, सगळे एका माळेचे मणी.

दुसऱ्या दिवशी छकुलीने मला जहाज दाखवायला नेलं. स्वच्छ शर्ट घातला, हात तेवढे हिरवे राहिले. चीफ इंजिनिअरशी तिने ओळख करून दिली ती अशी: "हे माझे बाबा, काल हवा संपली होती तेच." त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. (त्याचाही थोडा हिरवा झाला.) तिचं इंजिन केवढं आहे म्हणून सांगू, तीन मजली घर! जिन्याने खाली उतरता उतरता माझे पाय भरून आले. आणि आपली पोर त्यातून स्वयंपाकघरात फिरावं तशी फिरत होती, याला हात लावून, त्याच्याकडे कान देऊन. मग एका थंडगार खोलीत नेलं. सगळ्या भिंतीवर पडदे आणि आकडे, तिथे बसून ती इंजिन चालवते. चहा दिला. माझी छाती एवढी फुगली होती की चहा जाईना. तुला तिथे उभं करायला हवं होतं, अक्का. हे तुझंच यश आहे, मी फक्त फी भरली.

दुपारी ती आमच्या टगवर आली. आल्या आल्या कॉम्प्रेसरसमोर उभी राहून इतकी हसली की खलाशी बघायला खाली आले. मग थोरलीवर तळवा ठेवून उभी राहिली. तेवढ्यात एक वाळूचा तराफा हलवायचं काम आलं. कप्तानाने नळीतून विचारलं, थर्डसाहेबांना हात साफ करायचा आहे का? मी बाजूला झालो. माझ्या जागेवर माझ्याशिवाय कुणी उभं राहिलेलं मी आजवर चालवून घेतलेलं नाही. घंटा झाली. तिने थांबवलं, खटका फिरवला, दांडा ओढला, आणि थोरली एका श्वासात उलटी फिरली. हवा मोजून मापून, एक थेंब वाया नाही. मला ते जमायला कित्येक महिने लागले होते. मी हात मागे बांधून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिनाजवळ येतं ते धुराने येतं, हे तसं नव्हतं.

तिचं जहाज गेलं. जाताना ती मला एक गोष्ट सांगून गेली, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही आणि म्हणूनच हे पत्र. पण कागद संपत आला, हीदेखील दिवाणखान्यातून विचारते आहे की पत्र लिहिताय की पुस्तक. दाजींना नमस्कार. गुडघा हलता ठेव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. विनंती राहिली. छकुलीने माझ्या जागेसाठी अर्ज केला आहे. मला न विचारता, ऑफिसात जाऊन, जहाज सुटायच्या आधी. परवाना आहेच, त्यामुळे ते नाही म्हणू शकत नाहीत. मी म्हटलं, अगं, तीन मजली इंजिन सोडून या डबड्यावर? तर म्हणाली, "तिथे मी पाहुणी आहे, बाबा. दर वेळी नवीन जहाज, नवीन इंजिन. मला एक असं हवं की ज्याच्यावर रागावता येईल." हा काय विचार झाला? एवढं शिकून कुणी टगवर येतं का? लोक मला काय म्हणतील, स्वतःचं इंजिन वाचवायला मुलीला बुडवलं म्हणतील. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. तर पत्र मिळताच तिला फोन कर आणि अर्ज मागे घ्यायला लाव. उशीर करू नकोस.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. फोन केलास तर फार कडक बोलू नकोस. तुझा कडकपणा मला माहीत आहे, पोर घाबरून एकदम ऐकायची. तिला सांग की बाबांना तुझा अभिमान त्या जहाजामुळे नाही, तू वरून बघून ओळखलंस त्यामुळे आहे. नाहीतर नको सांगू, चुकून तिला वाटेल की माझी संमती आहे. माझी संमती नाही. अक्का, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, बाप म्हणून मला हे पटत नाही आणि ड्रायव्हर म्हणून मला इतका आनंद झाला आहे की मला त्याची लाज वाटते. कालच शिंप्याकडे गेलो होतो, माझा कामाचा सूट उसवला होता म्हणून. तिथे तिच्या मापाचाही एक टाकून आलो. कापड स्वस्त मिळत होतं.

ता. क. तिसरा. ऑफिसात विचारून आलो. अर्ज मागे घ्यायची मुदत सोमवारी संध्याकाळी संपते. तू तिला मंगळवारी फोन कर. आणि मग मात्र चांगली खडसावून समजूत घाल, माझ्याकडून काही कसर राहिली असं व्हायला नको.